अज्ञात चोरटे, ज्ञात फिर्यादी

रात्रीचे दोन. हिमायतनगरातल्या एका घरात, स्वयंपाकाच्या खोलीत, भांडं पडतं. गृहस्थ कूस बदलतात.

“अहो, उठा की. आत कुणीतरी हाय.”

“मांजर असंल. झोप.”

“मांजराला बॅटरी कशाला लागायलीय?”

याला उत्तर नसतं. दाराच्या फटीतून खरोखरच एक पिवळा ठिपका भिंतीवरून सरकताना दिसतो. देव्हाऱ्यापाशी तो जरा थांबतो, चांदीचा बाळकृष्ण किती तोळ्यांचा असेल याचा अंदाज घेतो आणि लोखंडी कपाटाकडं वळतो. गृहस्थ उठतात. घरात कुऱ्हाड आहे, कोयता आहे, झालंच तर दणकट काठीही आहे. पण हे सगळं सामान चोर उभा आहे त्याच खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेलं. हाताला लागतं ते पलंगाखालचं मुसळ. लग्नात हळदीच्या दिवशी निघतं आणि नंतर वर्षानुवर्षं पलंगाखाली पडून असतं, ते मुसळ.

या गृहस्थांचं नाव सांगता येणार नाही, कारण ते एक नाहीत. तालुक्यात गल्लोगल्ली असे गृहस्थ आहेत. कुणाचं मिनी गंठण गेलं, कुणाची विहिरीवरची केबल, कुणाचे सोयाबीनचे कट्टे, कुणाची दारात बांधलेली शेळी. इथं त्या सगळ्यांचा मिळून एक माणूस केला आहे. चोरांच्या बाबतीत ही खटपट करावी लागत नाही. मराठी वर्तमानपत्रांत ते सगळे आधीपासून एकाच नावानं वावरतात: अज्ञात चोरटे.

गृहस्थ मुसळ घेऊन दाराशी पोचेपर्यंत कायदा त्यांच्याकडं कसा बघतो ते पाहून घेऊ. त्यांना काही ते माहीत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३४ ते ४४ अशी अकरा कलमं खास या प्रसंगासाठी आहेत. जुन्या दंडसंहितेतही ती अकराच होती, ९६ ते १०६. स्वतःचा जीव, दुसऱ्याचा जीव, स्वतःची चीजवस्तू, शेजाऱ्याची चीजवस्तू, या सगळ्यांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याचा हक्क त्यांत दिलेला आहे. कलम ४१ तर सांगतं की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घरफोडी करत असेल, तर त्याला अडवताना त्याचा जीव गेला तरी हा हक्क शाबूत राहू शकतो.

मुसळवाल्याला आणखी काय हवं?

हवं असतं ते कलम ३७ वाचायला निवांत वेळ. त्यात दोन अटी आहेत. बचावासाठी लागते त्याहून अधिक इजा करायची नाही. आणि सरकारी यंत्रणेकडं धाव घ्यायला सवड असेल, तर हा हक्कच नाही. म्हणजे मुसळ उगारलेल्या अवस्थेत गृहस्थांनी आधी मनाशी विचारायचं की पोलिसांना बोलवायला वेळ आहे काय. वेळ आहे हो. रात्रीचे दोन वाजलेत, वेळच वेळ आहे. पोलिसांची गाडी येईस्तोवर चोर थांबेल काय, हा प्रश्न कलमात नाही, पण तो गृहस्थांच्या डोक्यात पहिल्यांदा येतो.

पुढं दाराची भानगड. घरफोडी कशाला म्हणायचं हे संहितेनं बारकाईनं सांगितलेलं आहे. खिडकीतून आत आला, ती घरफोडी. भिंत चढून आला, घरफोडी. बंद दार उघडून आला, घरफोडी. दाराच्या भोकातून तार घालून कडी काढली, तीही घरफोडी. हे तारेचं उदाहरण कायद्यानं स्वतः दिलेलं आहे, आणि ते वाचून हे कलम लिहिणाऱ्याच्या घरी एकदा तरी चोरी झाली असावी असं वाटतं. पण उन्हाळ्यात वारं यावं म्हणून दार सताड उघडं ठेवलं आणि चोर पाहुण्यासारखा सरळ चालत आत आला, तर? ती घरफोडी होत नाही, नुसता गृह अतिक्रमणाचा मामला होतो. मग जिवाला धोका किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असल्याशिवाय मुसळ प्राणघातक ठरता कामा नये. हिमायतनगरात मे महिन्यात पारा जिथं जातो, तिथं दार लावून झोपणाऱ्याचा जीव चोराशिवायही जाऊ शकतो, याची कायद्याला कल्पना नसावी.

तेव्हा गृहस्थांनी आधी बायकोला विचारायला हवं, “रात्री कडी लावली होतीस का?” आणि रात्री दोन वाजता, घरात चोर असताना, हा प्रश्न बायकोला विचारायची हिंमत असलेल्या माणसाला चोराची भीती कशाला वाटेल?

एवढं खरं की न्यायालयं या बाबतीत पोलीस ठाण्यापेक्षा समजूतदार निघाली आहेत. जिवावर बेतलेल्या माणसाचा प्रतिकार सोनाराच्या काट्यावर तोलायचा नसतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं स्वसंरक्षणाचे सगळे नियम एका जागी मांडले, आणि हल्ला अंगावर आला असताना सरळमार्गी माणसानं भेकडासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, असा निर्वाळा दिला. या विचाराचं मूळ आणखी मागं आहे. मेकॉले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा त्यांना पडलेली काळजी उलटीच होती. इथली माणसं दरोडेखोरांचा जुलूम मुकाट सोसतात, तेव्हा त्यांच्या हातावर जास्त बंधनं घालण्याऐवजी त्यांना जरा हिंमत द्यावी, असं त्यांनी टिपणात लिहून ठेवलं. ती हिंमत १८६२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाली. हिमायतनगर होतं निजामाच्या राज्यात, तिथला कायदा वेगळा. मेकॉलेची हिंमत इकडं पोचायला १९५१ साल उजाडलं.

तोवर या गावानं नावावर काम भागवलं असावं. मूळ गाव वाढोणा. परमेश्वराच्या देवळामुळं अजूनही जुनी माणसं तेच नाव घेतात. ‘हिमायत’ म्हणजे संरक्षण, पाठराखण. तेव्हा तालुक्याच्या पाटीवर अधिकृतपणे लिहिलेलं आहे की हे संरक्षणनगर आहे. चोरांना बहुधा उर्दू येत नाही.

पण मुसळाकडं वळू.

गृहस्थ आत शिरले. चोर वळला. दोघंही सारखेच घाबरले, कारण दोघांनाही समोरच्याच्या हातात काय आहे ते नीट दिसत नव्हतं. याच क्षणी मालकीणबाईंनी प्रसंगावधान राखलं. चोर पळून जाऊ नये म्हणून त्यांनी बाहेरून कडी लावून घेतली. आत आता दोघं: चोर आणि नवरा. काही क्षण शांततेत गेले. मग दोघंही आतून एकदमच दार वाजवू लागले. “अगं, उघड!” हा आवाज नवऱ्याचा होता की चोराचा, याबद्दल पुढं जबाबात थोडी तफावत आली. दार उघडलं तेव्हा आधी बाहेर पडला तो चोर, कारण त्याला घाई होती. मुसळ बसलं ते माठाला. गंठण, मोबाइल आणि कपाटातल्या नोटा घेऊन स्वारी मागच्या भिंतीवरून पलीकडं गेली.

सगळा प्रकार दोन मिनिटांचा. इथून पुढचा वर्षभराचा.

गृहस्थांनी ११२ लावला. महाराष्ट्रात हे फोन आधी मध्यवर्ती केंद्रात उचलले जातात; एक केंद्र नवी मुंबईत, दुसरं नागपुरात. तिथून निरोप जिल्ह्याला, जिल्ह्यातून जवळच्या गाडीला. व्यवस्था वाईट नाही. फक्त आपल्याकडं पत्ता सांगायची रीत अशी की ती नवी मुंबईतल्या माणसाला कळणं कठीण. “परमेश्वर मंदिराच्या मागून या, जुन्या आडापासून उजवीकडं, निळं गेट न्हाई का, त्याच्या अलीकडं.” पलीकडून विचारलं जातं, “पिनकोड सांगा.” रात्री अडीच वाजता स्वतःचा पिनकोड आठवणारा माणूस चोर असण्याचीच शक्यता जास्त.

सकाळी ठाणं. कुठलंही घ्या; मराठवाड्यात बाकाचा रंग बदलतो, संवाद तोच राहतो.

“साहेब हायेत का?”

“यायलेत. बसा.”

साहेब यायलेत हे वाक्य चालू वर्तमानकाळातलं आहे आणि त्याला शेवट नाही. मग जमादार कागद ओढतात. इकडं हवालदाराला अजून जमादारच म्हणतात. पहिला प्रश्न, “संशय कुणावर?” संशय सांगावा तर भावकीत भांडण, न सांगावा तर तपासाला दिशा नाही. दुसरा प्रश्न, “दार उघडं कसं काय ठेवलंत?” तिसरा, “गंठणाची पावती?” गंठण सासूबाईंचं, सासूबाईंना ते त्यांच्या सासूबाईंकडून आलेलं, पावतीची मूळ प्रत निजामाच्या काळातच कुठंतरी गहाळ झाली असावी. चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड. “चोर दिसायला कसा होता?”

“अंधार होता साहेब.”

“मग चोर होता हे कशावरून?”

याच टेबलावर ‘गहाळ’ या शब्दाची ताकद कळते. चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ लिहिला की गुन्ह्यांच्या तक्त्यात एक आकडा कमी होतो आणि दोष आपोआप मोबाइलकडं जातो. तो स्वतःहून उठून कुठंतरी गेला. गृहस्थ म्हणतात, गहाळ नाही, नेला. जमादार म्हणतात, नवीन सीम काढायला गहाळचा दाखला पुरतो ना? पुरतो. मग? या ‘मग’ला बहुतेक लोक शरण जातात. गहाळ मोबाइलसाठी केंद्र सरकारचं सीईआयआर हे पोर्टल २०२३ पासून देशभर चालू आहे आणि त्यावरून शोधलेले फोन जिल्ह्याजिल्ह्यांत मालकांना परत मिळतात, हेही खरं. ज्याला मिळतो तो पेढे वाटतो. ज्याला मिळत नाही तो नवा फोन हप्त्यावर घेतो.

किमतीचं प्रकरण तर बाजारात शोभेल असं, फक्त उलट्या दिशेनं चालणारं. नव्या कायद्यांप्रमाणं साध्या चोरीतल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र. म्हणजे पोलिसांनी नोंद करायची, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करायचा नाही. आणि चोराचा तो पहिलाच गुन्हा असेल व माल किंवा त्याची किंमत त्यानं परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. आता शेतकऱ्याच्या विहिरीवरची केबल घ्या. चोर ती रात्री कापतो, वरचं प्लॅस्टिक जाळतो, आतलं तांबं विकतो. नवीन केबल आणायची तर ५,००० कधीच ओलांडतात. “पण चोरीला गेली ती जुनी होती ना?” जुनी होती. “मग लावा साडेचार हजार.” पिकाला पाणी द्यायचं राहिलं, मोटार बंद पडली, हरभरा वाळला, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. बैलबाजारात विकणारा भाव चढवतो आणि घेणारा पाडतो. इथं माल घेणारा केव्हाच निघून गेलेला असतो आणि त्याच्या वतीनं भाव तिसराच माणूस पाडत असतो.

सोन्याचंही तेच. २०२५ मध्ये सोन्यानं तोळ्यामागं लाखाचा आकडा ओलांडला, पण चोरीच्या बातम्यांतलं सोनं वाचलं तर हिशेब जुन्याच भावानं लागलेला वाटतो. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या बापांनी सराफाकडं जाण्याआधी फिर्यादी वाचाव्यात. तेवढं स्वस्त सोनं दुसरीकडं मिळणार नाही.

रात्रीच्या घरफोडीला मात्र किमतीची अट नाही. चोरीसाठी केलेली असेल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. म्हणून आपल्या गृहस्थांचा गुन्हा अखेर दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की नोंद करावीच लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं आणखी सोय केली: फिर्याद ऑनलाइन देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची, हद्द कुठली का असेना, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, प्रत फुकट मिळते. हद्दीची ही सोय हिमायतनगरासाठी देवानंच धाडलेली. उत्तरेला पैनगंगा, ती ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. पूर्वेला किनवट आणि त्यापलीकडं तेलंगणा. मधून मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग. डब्यात पाकीट मारलं गेलं तर ते प्रकरण लोहमार्ग पोलिसांचं. इथल्या चोराला पळायला दोन दिशा आणि एक रेल्वे आहे. फिर्यादीला एकच बाक.

मग फिर्याद लिहिली गेली. तिची भाषा ठरलेली: मी अमुक, वय ४६ वर्षे, व्यवसाय शेती, राहणार अमुक, समक्ष ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की. गृहस्थांचं वय, व्यवसाय, पत्ता, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक (चोरीला गेलेला), घरातली माणसं, कोण कुठं झोपलं होतं, जेवण किती वाजता झालं, सगळं लिहून झालं. आयुष्यात गृहस्थांची इतकी सविस्तर चौकशी एकदाच झाली होती, मुलगी पाहायला गेले तेव्हा. चोराबद्दलचा मजकूर दोन शब्दांत आटोपला. मुसळ जप्त झालं. माठाचे तुकडे पंचनाम्यात आले. पंच म्हणून शेजारचे मामा आणि समोरचा टपरीवाला यांच्या सह्या घेतल्या, आणि तेव्हापासून टपरीवाला गृहस्थांना उधारी देत नाही. साक्षीला कोर्टात जावं लागेल याची त्याला धास्ती.

दुपारी नांदेडहून श्वानपथक आलं. गावातलं निम्मं शाळकरी पोर त्याच्यामागं. कुत्रं ऐटबाज होतं. त्यानं कपाट हुंगलं, भिंत हुंगली, गल्लीतून तडक मुख्य रस्त्यापर्यंत गेलं आणि तिथं घुटमळलं. महाराष्ट्रातली सगळी श्वानं रस्त्यापर्यंत जाऊनच घुटमळतात. तिथं चोर गाडीवर बसलेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तेच छापून आलं, आणि शेवटी नेहमीची दोन वाक्यं: परिसरात भीतीचे वातावरण पसरले असून पोलिसांनी रात्रीची गस्त वाढवावी अशी मागणी होत आहे.

पोलिसांची बाजू इथं मांडायलाच हवी, कारण ती खोटी नाही. देशात लाख लोकसंख्येमागं पोलिसांची मंजूर पदं साधारण १९५. प्रत्यक्षात माणसं साधारण १५५. त्यातली गणपतीला बंदोबस्तावर, निवडणुकीला बंदोबस्तावर, मंत्र्याच्या दौऱ्याला बंदोबस्तावर, महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेत बंदोबस्तावर. जमादार स्वतः सलग तीन रात्री जागलेले असतात. त्यांच्या क्वार्टरचं कुलूपही कधी तुटलं तर तपास त्यांच्याच बिटात येतो. गृहस्थांशी ते तुटक बोलले खरं, पण त्यांनीच त्यांना चहा पाजला, तोही स्वतःच्या खिशातून.

तरी गृहस्थांच्या मनातून एक तुलना जात नाही. १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे वांद्र्याला अभिनेता सैफ अली खानच्या घरात माणूस घुसला. सैफनं झटापट केली, चाकूचे वार खाल्ले आणि रिक्षात बसून लीलावती रुग्णालय गाठलं. पोलिसांनी डझनावारी पथकं नेमली. तीन दिवसांत ठाणे शहरात एका मजूर वस्तीजवळून आरोपीला पकडलं. मधल्या काळात छत्तीसगडमध्ये दुर्ग स्थानकावर रेल्वेतून एका भलत्याच तरुणाला संशयावरून उतरवून घेतलं आणि मग सोडलं. त्याची नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न मोडलं, असं त्यानं नंतर सांगितलं. गृहस्थांना सैफच्या जखमांचा हेवा नाही. फक्त डझनावारी पथकांतलं एखादं, नको तर अर्धं, आठवड्याला एकदा किनवट रस्त्याला फिरकलं असतं तर, असं त्यांना वाटतं.

हा वैताग हिमायतनगरचाच नाही. इंग्लंडात नॉरफोकमध्ये टोनी मार्टिन नावाचा एक शेतकरी होता. घरी पुन्हा पुन्हा चोऱ्या होतात आणि पोलीस काही करत नाहीत ही त्याची तक्रार. ऑगस्ट १९९९ मध्ये रात्री दोघं घरात शिरल्यावर त्यानं बंदूक चालवली. त्यात सोळा वर्षांचा मुलगा मेला. मार्टिनला खुनाची शिक्षा झाली, अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली, आणि २००३ मध्ये तो सुटला. वाचलेल्या दुसऱ्या घरफोड्यानं मार्टिनवरच नुकसानभरपाईचा दावा लावला होता. तो पुढं त्यानं सोडला. अमेरिकेत आयोवामध्ये तर ब्राईनी दांपत्यानं शेतावरच्या ओसाड घरात दाराला बंदूक बांधून ठेवली होती, दार उघडलं की गोळी. जुन्या बाटल्या चोरायला आलेल्याच्या पायात ती गेली. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं चोराला ३०,००० डॉलर देण्याचा निकाल कायम केला. घरात कुणी नसताना माल राखायला जीवघेणा सापळा लावायचा नाही, एवढंच न्यायालयाचं म्हणणं. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही हे ठाऊक असतं. कुंपणाला माणूस चिकटतो तेव्हा ते नव्यानं ठाऊक होतं.

पोलीस येत नाहीत म्हटल्यावर गाव स्वतःच जागायला लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात हेच झालं. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत रात्री आकाशात ड्रोन दिसू लागले आणि चोर आता वरून टेहळणी करायलेत अशी आवई उठली. विषय विधिमंडळापर्यंत गेला. ज्या चोराला आजवर गोठ्यातली शेळी नेताना टेम्पोचं भाडं परवडत नव्हतं, तो एकदम वैमानिक झाला. गावोगाव पोरं काठ्या घेऊन गच्चीवर, सगळ्यांच्या माना वर. खालून कुणी कोंबड्या नेल्या असत्या तरी कळलं नसतं. पोलीस पाटलांचा फोन रात्रभर वाजायचा. त्यांचं मानधन त्याच वर्षी ६,५०० वरून १५,००० झालेलं. त्यातले निम्मे फोन उचलण्याचे म्हणायला हरकत नाही.

जागरणाच्या या गमतीला दुसरी बाजू आहे आणि तिथं हसू येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात चोर समजून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. त्या आठांपैकी एकही चोर नव्हता. पकडलेला माणूस खरोखरचा चोर असला, तरी नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणं त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं असतं. त्या सहा तासांत त्याला चोप द्यायचा असतो असं कुठंही लिहिलेलं नाही, जरी ‘चोप देऊन पोलिसांच्या स्वाधीन केले’ हे वाक्य बातमीदाराच्या बोटातून आपोआप उमटत असलं तरी.

आपल्या गृहस्थांच्या प्रकरणाचं पुढं काय झालं? वर्षभर ‘तपास चालू आहे’. मग एके दिवशी जमादार स्वतः घरी आले, हातात कागद. ‘अ’ समरी. महाराष्ट्रात बंद करायच्या प्रकरणांना असे वर्ग असतात: ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे ना खरी ना खोटी, आणि ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपीचा पत्ता नाही. शाळेतही ‘अ’ श्रेणी कधी न मिळालेल्या गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला. चोरी झाली होती हे सरकारनं मान्य केलं, याचंच त्यांना बरं वाटलं. त्यांनी मुसळाचं विचारलं. मुसळ मुद्देमालाच्या खोलीत आहे, ते कोर्टात अर्ज केल्यावर मिळेल. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं. हळदीला मुसळ शेजारच्या मामींकडून आणलं.

चोरीचा माल पोलिसांशिवाय परत आल्याचं एक उदाहरण मात्र महाराष्ट्रात घडलेलं आहे. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यात नेरळला एका बंद घरातून टीव्ही आणि काही सामान गेलं. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा चोराला भिंतीवर फोटो दिसला आणि उमगलं की हे कवी नारायण सुर्वे यांचं घर. सुर्वे २०१० मध्ये गेले; घरात लेक-जावई राहतात, ते तेव्हा बाहेरगावी होते. चोरानं टीव्ही परत आणून ठेवला आणि भिंतीवर चिठ्ठी चिकटवली: हे सुर्व्यांचं घर हे माहीत असतं तर चोरी केली नसती, माफ करा. पोलिसांनी टीव्हीवरचे बोटांचे ठसे घेतले आणि त्या माफी मागणाऱ्याचा शोध सुरू केला.

आपल्या गृहस्थांनी ही बातमी वाचली, पेपर खाली ठेवला आणि घरात कुण्या कवीचा फोटो आहे का ते पाहिलं. नव्हता. सापडलं ते कृषी सेवा केंद्राचं कॅलेंडर, त्यावर कपाशीचं फुटलेलं टपोरं बोंड. मालकीणबाई म्हणाल्या, “लावा तेच. अंधारात काय कळायलंय?” त्यांनी ते कपाटासमोर, बॅटरीचा उजेड पहिल्यांदा पडतो तिथं, खिळा ठोकून लावलं.